हिमप्रदेशांतील अदृश्य वस्ती

थंडी ही नाशाची वैरीण आहे, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. उन्हाळ्यांत सकाळचें दूध दुपारपर्यंत नासतें. तेंच बर्फांत ठेविलें तर टिकतें. भाजी, फळें, मांस, औषधें हीं सर्व थंडींत सुरक्षित राहतात. यावरून साहजिकच असें वाटूं लागतें कीं, पदार्थ आंबविणारे, कुजविणारे आणि रोग पसरविणारे जे सूक्ष्मजंतु, ते थंडीनें मरत असावेत. आणि जेथें बारा महिने बर्फच बर्फ, तेथें तर त्यांचें नांवहि नसावें. हा समज अर्धाच खरा आहे. थंडी जंतूंना क्वचितच मारते. बहुतेकांना ती केवळ मंद करते. इतकेंच नव्हे, तर थंडींतच ज्यांचा संसार सुखाचा होतो आणि साधी ऊबहि ज्यांना सोसत नाहीं, असे जंतु या पृथ्वीवर आहेत, व त्यांचे प्रकार हजारोंनीं मोजावे लागतात.

सातारा-सांगलीकडच्या माणसाची थंडीची कल्पना बहुधा महाबळेश्वरापाशीं संपते. पौषांतील एखाद्या निरभ्र रात्रीं वेण्णा तलावाच्या कांठीं गवतावरचें दंव गोठून पांढरें होतें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याची बातमी सर्वत्र होते. त्या हिमकणांचें आयुष्य सूर्य वर येईपर्यंतचें. याच्या उलट दक्षिण ध्रुवाभोंवतीं पसरलेलें अंटार्क्टिका खंड पाहावें. त्याचें क्षेत्रफळ सुमारें एक कोटि चाळीस लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक. त्यांतील शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव भाग बर्फाखालीं दडलेला आहे, आणि त्या बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरांच्या आसपास आहे. २१ जुलै १९८३ या दिवशीं तेथील व्होस्टॉक या रशियन ठाण्यावर उणें ८९.२ अंश सेंटिग्रेड इतकें उष्णतामान नोंदलें गेलें. अशा ठिकाणीं जीवसृष्टि म्हणजे किनाऱ्यावरचे पेंग्विन, सील आणि समुद्रांतले देवमासे, एवढीच कल्पना फार दिवस रूढ होती.

या दूरच्या खंडाचा आणि कृष्णाकांठाचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो औंधच्या वाटेनें येतो. त्याच १९८३ सालच्या डिसेंबरांत गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका-मोहिमेंत समुद्रविज्ञानाच्या अभ्यासक डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय शास्त्रज्ञ स्त्रिया. अदिती पंत यांचा जन्म १९४३ सालीं नागपूर येथें झाला. परंतु घराणें औंधचें. औंधचे अधिपति बाळासाहेब पंत प्रतिनिधि हे त्यांचे आजोबा, व अप्पासाहेब पंत हे वडील. औंध संस्थान हा एकसलग मुलूख नव्हता. त्याचें मुख्य गांव औंध आज सातारा जिल्ह्यांत आहे, तर कुंडल आणि आटपाडी हे त्याचे भाग सांगली जिल्ह्यांत आहेत. १९३९ सालीं राज्यकारभार प्रजेच्या हातीं सोंपविणाऱ्या आणि आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत वसविणाऱ्या या संस्थानाला नवा प्रयोग करण्याचें भय कधींच वाटलें नाहीं. तोच स्वभाव या नातींत उतरला असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. पुण्यास पदवी घेतल्यावर अ‍ॅलिस्टर हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाचा समुद्रावरील एक ग्रंथ त्यांच्या हातीं आला, आणि डोंगरी मुलखाशीं नातें असलेल्या या विद्यार्थिनीनें समुद्राचा अभ्यास हेंच आयुष्याचें काम ठरविलें. हवाई व लंडन येथील शिक्षण संपवून त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत काम करूं लागल्या.

त्यांच्या अभ्यासाचा विषय दक्षिण महासागरांतील अन्नसाखळी हा होता. ही साखळी पूर्वीं फार सोपी समजली जात असे. पाण्यांत तरंगणारीं सूक्ष्म शेवाळें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. कोळंबीसारखे दिसणारे क्रिल नांवाचे लहान प्राणी तीं खातात. आणि क्रिलवर मासे, पेंग्विन, सील व देवमासे पोसले जातात. परंतु या हिशोबांत एक मोठी बाकी राहत होती. शेवाळांनीं तयार केलेल्या अन्नापैकीं पुष्कळसा अंश त्यांच्या शरीरांतून पाण्यांत विरघळतो. तो कोण खातो? विरघळलेली साखर क्रिलला पकडतां येत नाहीं. १९८३ सालींच फारुक आझम आणि त्यांचे सहकारी यांनीं या प्रश्नाचें सविस्तर उत्तर मांडलें. विरघळलेलें हें अन्न सूक्ष्मजंतु शोषून घेतात; जंतूंना त्यांहून किंचित् मोठे असे एकपेशीय जीव खातात; आणि त्यांच्या द्वारें वाया गेलेलें धन पुन्हां साखळींत येतें. घरांतलें सांडलेलें धान्य टिपून पुन्हां कणगींत भरणाऱ्या गृहिणीसारखें हें काम आहे. तें दिसत नाहीं. पण तें थांबलें तर घराचा हिशोब बसत नाहीं. देवमाशाच्या प्रचंड देहांतहि या अदृश्य कामकऱ्यांनीं वांचविलेला कांहीं अंश असतोच. अदिती पंत यांनीं पुढें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत जें काम केलें, तेंहि अन्नसाखळींतील खारटपणा सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांसंबंधींचेंच होतें.

आतां प्रश्न असा कीं, इतक्या थंडींत हे जीव जगतात तरी कसे? याचें पहिलें उत्तर स्वयंपाकघरांतच सांपडतें. थंडीच्या दिवसांत तूप थिजतें, खोबरेल बाटलींत घट्ट होतें. शेजारच्या बरणींतलें शेंगदाण्याचें तेल मात्र वाहतें राहतें. तिन्ही स्निग्ध पदार्थच. पण त्यांच्या रेणूंची ठेवण निराळी. तुपांतील पुष्कळसे रेणू सरळ काठ्यांसारखे असल्यामुळें मोळीप्रमाणें एकमेकांस चिकटून बसतात. तेलांतील रेणूंना मध्यें वांक असतो, म्हणून त्यांची मोळी नीट बांधली जात नाहीं आणि तें पातळ राहतें. प्रत्येक जंतूच्या पेशीभोंवतीं अशाच स्निग्ध रेणूंचा अतिशय पातळ पडदा असतो. अन्न आंत घेणें आणि मळ बाहेर टाकणें हे सर्व व्यवहार त्याच पडद्यांतून चालतात. तो थिजला कीं व्यवहार बंद. उष्ण प्रदेशांतील जंतु बर्फांत निपचित पडतात, त्याचें एक मुख्य कारण हेंच. ध्रुवप्रदेशांतील जंतु आपल्या पडद्यांत वांकड्या रेणूंचें प्रमाण वाढवितात. म्हणजे तुपाऐवजीं तेलाचा पडदा करतात.

दुसरी अडचण पेशींतील रासायनिक क्रियांची. या क्रिया वितंचकें घडवून आणतात, आणि थंडींत तीं ताठर होऊन बसतात. थंडीच्या जंतूंचीं वितंचकें घडणींतच सैल व लवचिक असतात. त्यामुळें शून्य अंशाच्या आसपासहि तीं आपलें काम करतात. परंतु या सैलपणाची किंमत द्यावी लागते. आपल्याला जी हवा सुखद वाटते, तींतहि तीं विस्कटून निकामी होऊं लागतात. तिसरी अडचण बर्फाच्या सुयांची. पेशींतील पाणी गोठलें तर त्याचे अणकुचीदार स्फटिक पडदा फाडून टाकतात. म्हणून कांहीं जंतु बर्फाचे स्फटिक वाढूं न देणारीं प्रथिनें तयार करतात, तर कांहीं स्वतःभोंवतीं बुळबुळीत साखरेचें वेष्टण घेतात. शिवाय समुद्राचें पाणी गोठतांना मीठ बर्फांत शिरत नाहीं. तें बारीक बारीक नळ्यांतून तीव्र खारट द्रवाच्या रूपानें उरतें. तो द्रव शून्याखालीं कितीतरी अंशांपर्यंत पातळच राहतो, आणि त्या केसासारख्या नळ्यांत जंतु व शेवाळें यांचीं गांवें वसतात.

थंडींत वाढणाऱ्या जंतूंचा शोध तसा जुना आहे. थंडींत जपून ठेविलेल्या माशांवर शून्य अंशांतहि वाढणारे जंतु फोर्स्टर या शास्त्रज्ञानें १८८७ सालीं वर्णिले. पुढें १९७५ सालीं मोरिटा यांनीं त्यांच्या दोन जाती ठरविल्या. ज्यांना पंधरा अंश किंवा त्याहून कमी उष्णतामान सर्वांत मानवतें व वीस अंशांपुढें ज्यांची वाढच होत नाहीं, ते शीतप्रिय. आणि जे थंडींत वाढतात, पण ऊबेंत अधिक जोमानें वाढतात, ते शीतसह. आतांपर्यंत पाहिलेल्यांत अलास्काच्या सागरी बर्फांतील एक जंतु उणें बारा अंशांत वाढला. त्याला एकाचे दोन होण्यास दहा दिवस लागले. उत्तर ध्रुवाकडील कायम गोठलेल्या मातींतला दुसरा जंतु उणें पंधरा अंशांत वाढला. त्याला तेवढ्याच कामाला पन्नास दिवस लागले. आपल्या आंतड्यांतील एक साधा जंतु अनुकूल स्थितींत हें काम वीस मिनिटांत उरकतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या हिमजीवांचा धीमेपणा कळून येईल.

अशा जंतूंचे प्रकार मोजणें हें काम मात्र दिसतें तितकें सोपें नाहीं. पहिली दक्षता स्वच्छतेची. माणसाच्या हातावर, श्वासांत, कपड्यांवर जितके जंतु असतात, तितके बर्फाच्या मोठ्या तुकड्यांतहि नसतात. म्हणून नमुना निर्जंतुक हत्यारानें घ्यावा लागतो, बर्फाच्या कांडीचा बाहेरचा थर तासून टाकून आंतला गाभाच वापरावा लागतो, आणि प्रत्येक पायरीवर एक कोरा नमुना बरोबर ठेवून त्यांत कांहीं उगवत नाहीं ना, हें पाहावें लागतें. पूर्वींची रीत म्हणजे तो नमुना अन्नयुक्त खळीवर पसरून थंड कपाटांत आठवडेच्या आठवडे ठेवावयाचा, व जे ठिपके उगवतील ते तपासावयाचे. या रीतींत मोठी उणीव होती. सूक्ष्मदर्शकांतून दिसणाऱ्या जंतूंपैकीं शेंकडा एकहि त्या खळीवर उगवत नसे. बाकीच्यांना ती मेजवानी मानवत नव्हती, किंवा त्यांना सोबतीवांचून जगतां येत नव्हतें.

१९७७ सालीं कार्ल वूझ यांनीं दाखवून दिलें कीं, प्रथिनें घडविणाऱ्या यंत्राचा एक विशिष्ट घटक सर्व जीवांत असतो, आणि त्याच्या रेणूंतील अक्षरांची तुलना करून कोण कोणाचा भाऊबंद हें ठरवितां येतें. मग जंतु वाढविण्याची गरजच उरली नाहीं. नमुन्यांतील सर्व जनुकद्रव्य एकदम काढावें, त्यांतील तो एक लेख वाचावा, आणि निरनिराळे लेख किती ते मोजावें. जणूं एखाद्या जुन्या वाड्यांत अनेक पोथ्यांचीं सुटीं पानें विखुरलीं आहेत, आणि प्रत्येक पोथीची केवळ मंगलाचरणाची ओळ जुळवून पोथ्या किती होत्या हें ठरवावयाचें आहे. मात्र या रीतीलाहि मर्यादा आहे. पोथीचें नांव कळलें म्हणजे तिच्यांत काय लिहिलें आहे तें कळलें असें नव्हे; आणि थंडींत मेलेल्या जंतूचें पानहि फार काळ शाबूत राहतें. म्हणून मोजणें आणि वाढविणें या दोन्ही रीति आज हातांत हात घालून चालतात.

भारतीयांचा यांतील वांटा लहान नाहीं. अंटार्क्टिकावर शिर्माखर नांवाची सुमारें पस्तीस चौरस किलोमीटरांची एक उघडी, खडकाळ पट्टी आहे. तींत शंभरांहून अधिक तळीं आहेत. १९८९ सालापासून भारताचें ‘मैत्री’ ठाणें तेथेंच आहे. तेथल्या मातींतून हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रांतील डॉ. शिवाजी आणि त्यांचे सहकारी यांनीं अनेक जंतु वेगळे केले; १९८९ सालीं त्यांतील स्यूडोमोनास कुळाचें वर्णन प्रसिद्ध झालें, आणि १९९२ सालीं एका सर्वस्वीं नव्या जातीला अंटार्क्टिकाचेंच नांव देण्यांत आलें. २००८ सालीं उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्ड बेटांवर ‘हिमाद्रि’ आणि २०१२ सालीं अंटार्क्टिकावर ‘भारती’ हीं ठाणीं उभीं राहिलीं. जगांतील सर्वांत विलक्षण शोध मात्र जानेवारी १९१३ नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे जानेवारी २०१३ मध्यें लागला. आठशें मीटर जाड बर्फाला निर्जंतुक केलेल्या ऊन पाण्यानें भोंक पाडून अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिलन्स नांवाच्या दडलेल्या तळ्यापर्यंत पोंचले. तेथें सूर्याचा किरण कधीं पोंचत नाहीं. तरीहि पाण्याच्या एका घन सेंटिमीटरांत सुमारें एक लक्ष तीस हजार पेशी सांपडल्या, आणि त्यांत जवळजवळ चार हजार प्रकार ओळखूं आले. त्यांच्यापैकीं पुष्कळांचा उदरनिर्वाह खडकांतून व गाळांतून मिळणाऱ्या रासायनिक द्रव्यांवर चालतो.

या सर्व उद्योगाचा आपल्या नित्याच्या जीवनाशीं काय संबंध, याचें उत्तर दुधाच्या किटलींत आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील गांवोगांवचें दूध संकलन-केंद्रावर चार अंशांच्या आसपास थंड करून पुण्या-मुंबईस जातें. या थंडीनें दूध आंबविणारे नेहमींचे जंतु थबकतात, आणि त्यामुळेंच शेतकऱ्याचें दूध एवढा प्रवास करूं शकतें. परंतु अंटार्क्टिकाच्या मातींत सांपडणाऱ्या स्यूडोमोनास कुळाचेच भाऊबंद गोठ्यांतील पाण्यांत, चाऱ्यांत व नीट न धुतलेल्या भांड्यांत असतात. ते चार अंशांतहि हळूहळू वाढतात. पुढें दूध तापविल्यावर जंतु मरतात खरे. पण त्यांनीं सोडलेलीं कांहीं वितंचकें त्या उष्णतेंतहि टिकतात, आणि दुधांतील प्रथिनें व स्निग्धांश फोडून त्यास कडवट चव आणतात. म्हणजे थंडी ही स्वच्छतेची जागा घेऊं शकत नाहीं. भांडें घांसण्याचा कंटाळा यंत्रानें भरून निघत नाहीं. दुधावर ज्या कुटुंबांचा प्रपंच चालतो, त्यांच्यासाठीं ही गोष्ट केवळ ज्ञानाची नसून पदरांत पडणाऱ्या पैशाची आहे.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा प्रश्न तितकाच उद्बोधक आहे. शुद्ध पाण्याचा थेंब शून्य अंशांत लगेच गोठतोच असें नाहीं. स्फटिकाला आरंभ करून देणारा एखादा कण त्याला लागतो. पानांवर राहणाऱ्या स्यूडोमोनास सिरिंगी या जंतूच्या अंगावर असें एक प्रथिन असतें कीं, त्याच्या सांच्यांत पाण्याचे रेणू बर्फाप्रमाणें रचले जाऊन उणें दोन अंशांच्या आसपासच दंव गोठतें आणि पान करपतें. १९८७ सालीं कॅलिफोर्नियांतील स्ट्रॉबेरीच्या शेतांत या प्रथिनाचें जनुक काढून टाकलेले जंतु फवारून पाहण्यांत आले; त्यांनीं जागा अडवावी व बर्फ करणाऱ्यांना थारा मिळूं नये, ही त्यामागील युक्ति. उलट तेंच प्रथिन हिवाळी खेळांच्या मैदानांवर कृत्रिम बर्फ पाडण्यासाठीं वापरलें जातें. थंडींतल्या जीवांचीं वितंचकें थंड पाण्यांत कपडे धुण्याच्या चूर्णांसाठीं व प्रयोगशाळांतील कामासाठींहि उपयोगीं पडतात. कारण त्यांना काम करावयास ऊन पाणी लागत नाहीं, आणि काम संपल्यावर थोड्या उष्णतेनें तीं थांबवितां येतात.

परंतु या अभ्यासाला आज जी घाई झाली आहे, तिचें कारण निराळें आहे. ज्या बर्फांत हे जीव राहतात तो बर्फच कमी होत चालला आहे. उत्तरेकडील कायम गोठलेल्या मातींत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या रूपानें सुमारें दीड लक्ष कोटि टन कार्बन सांठलेला आहे. हवेंत आज आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. ती माती वितळली कीं जंतु जागे होऊन हें कोठार फोडूं लागतात, आणि त्यांच्या श्वासाबरोबर कार्बन वायू हवेंत जाऊन पृथ्वी अधिक तापते. कोणते जंतु किती वेगानें हें काम करतील, यावर पुढील काळाच्या हवामानाचे अंदाज अवलंबून आहेत. आणि पाऊस वेळेवर येण्याची वाट पाहणाऱ्या माणदेशाला हा अंदाज परका नाहीं. २०१६ सालीं सैबेरियाच्या यामाल भागांत उन्हाळा फार कडक झाला, आणि काळपुळीची सांथ उद्भवून दोन हजारांहून अधिक रेनडिअर व एक बालक दगावलें. वितळलेल्या मातींतून जुन्या मृत जनावरांचे जंतु वर आले, असें त्याचें कारण मानलें गेलें. मात्र यावरून सर्व हिमजीवांना शत्रु समजणें चूक होय. बहुतेकांना माणसाच्या शरीराची ऊबच सोसणार नाहीं. त्यांना आपल्यापासून असलेला धोकाच अधिक मोठा आहे. २०१२ सालीं व्होस्टॉकच्या तळ्यापर्यंत जें भोंक पोंचलें, त्यांत केरोसीन वापरलेलें असल्यामुळें मिळालेले जंतु तळ्याचे कीं माणसानें नेलेले, हा वाद उत्पन्न झाला. १९९१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें अंटार्क्टिकावर बाहेरचे जीव नेण्यास बंदी घातली, ती याच जाणिवेनें.

या शास्त्राचा आरंभ करण्यास मात्र ध्रुवावर जाण्याची आवश्यकता नाहीं. सातारा किंवा सांगली येथील कोणत्याहि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत एकाच किटलींतील दुधाचे सारखे थेंब दोन बशांतील खळीवर पसरावेत. एक बशी तीस अंशांत दोन-तीन दिवस ठेवावी, दुसरी सात अंशांत दहा दिवस. पहिलींत उगवलेले ठिपके आणि दुसरींत उगवलेले ठिपके मोजून शेजारीं शेजारीं लिहावेत. पहिल्या बशीचा आंकडा बहुधा मोठा येईल; पण दुसऱ्या बशीवर दहाव्या दिवशीं जे बारीक ठिपके दिसतील, ते त्या किटलीच्या स्वच्छतेची खरी साक्ष देतील. शिर्माखरच्या खडकावर जी चिकाटी लागते, तीच येथेंहि लागते: भांडें स्वच्छ ठेवणें, कोरा नमुना जवळ बाळगणें, आणि दहा दिवस घाई न करणें.